ओहोटीच्या पाण्यातला जिताडा: होडीमागे लुअर ओढून गरवण्याची रीत

पावसाचा जोर सरला, खाडीच्या पाण्याचा तांबूस गढूळपणा उतरू लागला आणि दुपारच्या उन्हाचा चटका जाणवू लागला की नवी मुंबईच्या खाड्यांमध्ये जिताडा गरवण्याचा, म्हणजे गळाने पकडण्याचा, सर्वांत चांगला काळ सुरू होतो. साधारणपणे दसऱ्याच्या सुमारास त्याची चाहूल लागते आणि तुळशीची लग्ने आटोपेपर्यंत तो टिकतो. पुढे डिसेंबरात पाणी गार झाले की हा मासा मंदावतो आणि समोरून जाणाऱ्या आमिषाकडेही अनेकदा दुर्लक्ष करतो. या थोड्या आठवड्यांत काठावर बसून गळ टाकण्यापेक्षा संथ चालणाऱ्या होडीमागे लुअर, म्हणजे कृत्रिम मासा, ओढत नेण्याची पद्धत मला अधिक फलदायी वाटते. एका सकाळी खाडीचा दोन-तीन किलोमीटरचा काठ तिच्यामुळे चाचपून होतो आणि मासा नेमका कोठे थांबला आहे हे पाणीच सांगते. या पद्धतीला सर्वत्र ट्रोलिंग म्हणतात. मी नेरूळला राहतो आणि बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातील एका नाखव्यांच्या होडीतून गेली काही वर्षे हे करीत आहे. त्या अनुभवावरून ही रीत नवशिक्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

थंड प्रदेशांतील मोठ्या तलावांत रेनबो ट्राउटसाठी शरद ऋतूत हीच पद्धत वापरतात. तेथे उन्हाळ्यात तापलेला वरचा थर थंड होऊ लागला की खोल गेलेला ट्राउट पृष्ठभागाजवळ येतो, त्यामुळे तेथील गरवणारा पाण्याचे तापमान पाहून लुअरची खोली ठरवतो. आपल्या खाडीत ऑक्टोबरचे पाणी वरपासून खालपर्यंत कोमटच असते आणि तापमानाच्या थरांना फारसा अर्थ उरत नाही. येथे माशाची जागा भरती-ओहोटी ठरवते. म्हणूनच परदेशी पुस्तके किंवा चित्रफिती पाहून तयार झालेले पुष्कळ जण उत्तम सामान घेऊन येतात, पण सुटीच्या सोयीने दिवस निवडतात आणि रिकाम्या हाताने परततात. सामानापेक्षा दिवसाची निवड महत्त्वाची आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

दिवस तिथीवरून ठरवावा

मुंबई बंदराच्या परिसरात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा आहे की शुक्ल पक्ष असो वा वद्य, त्या दिवसाच्या तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आगेमागे भरते. हा हिशेब ढोबळ आहे आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढउताराच्या, दिवसांत तर त्यात बराच फरक पडू शकतो, म्हणून अंतिम वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकावरूनच घ्यावी आणि खाडीच्या आतल्या भागात भरती बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते हेही ध्यानात ठेवावे. मात्र महिनाभराचे बेत भिंतीवरची दिनदर्शिका पाहून आखण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

आता जिताड्याच्या सवयीकडे पाहू. भरतीच्या पाण्याबरोबर बोय मासा, कोळंबी आणि इतर बारीक मासळी तिवरांच्या मुळांत, खाजणांत (भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीत) आणि लहान ओहोळांत शिरते, कारण तेथे खाणेही असते आणि आडोसाही असतो. ओहोटी लागली की पाणी त्यांना बाहेर ओढते. पाणी उतरत असताना जिताडा ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाच्या किंचित बाजूला, खडकाच्या किंवा खुंटाच्या आडोशाने उभा राहतो आणि वाहत येणारे भक्ष्य जबडा उघडून आत खेचून घेतो. त्याची शिकारीची वेळ ओहोटीच्या पहिल्या दोन-अडीच तासांची असते, आणि ती पहाटेच्या मंद उजेडाशी जुळली तर त्यासारखा योग नाही.

ही दोन्ही गणिते एकत्र मांडली की उत्तर आपोआप मिळते. षष्ठी ते दशमी या पाच तिथींना पूर्ण भरती साधारण साडेचार ते साडेसात या वेळात येते, म्हणजे ओहोटी नेमकी पहाटे किंवा सूर्योदयाच्या आसपास सुरू होते. शिवाय हे भांगाचे दिवस असतात, त्यामुळे पाण्याची चढउतार कमी असते, प्रवाह मवाळ असतो आणि तळाचा चिखल कमी ढवळला जातो. आपल्या खाडीचे पाणी कधीच आरशासारखे नसते, पण भांगाला ते हातभर तरी दिसते आणि लुअरने मासेमारी करणाऱ्याला एवढी दृश्यता फार मोलाची असते. भांगाचा खरा तळ अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून नवमी आणि दशमी या माझ्या विशेष आवडीच्या तिथी आहेत. आश्विनात दसऱ्याच्या आधीचे दिवस, मग वद्य पक्षातील वसुबारसेच्या आधीचा आठवडा आणि त्यानंतर कार्तिकी एकादशीच्या आधीचे दिवस असे तीन योग दर वर्षी मिळतात. पहिल्या योगाच्या वेळी पावसाचे पाणी पुरते ओसरलेले नसण्याचा संभव असतो. उरलेले दोन सहसा निराश करीत नाहीत.

दिवाळीची सुटी मात्र या कामासाठी मुळीच सोयीची नाही. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस अमावास्येच्या दोन्ही बाजूंना येतात, म्हणजे ऐन उधाणाचे असतात. एका दिवाळीत मी हट्टाने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी निघालो होतो. उधाणाला मुंबई बंदरातील पाण्याची चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. बाराला भरलेले पाणी इतक्या वेगाने उतरले की साडेतीनच्या सुमारास पनवेल खाडीच्या एका वळणावर आमची होडी चिखलात बसली. दोन्ही लुअरांवर प्लास्टिकच्या पिशव्यांचे झुबके गोळा झाले होते आणि मासा एकही लागला नव्हता. पाणी वळून होडी उचलली जाईपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजले. घरी पूजेची वेळ टळून गेली होती. ते पाच तास मला नीट आठवतात आणि तेव्हापासून तिथी पाहिल्याशिवाय मी नाखव्यांना फोन करीत नाही.

जागा आणि मर्यादा

ठाणे खाडीत कोठेही होडी घालून लुअर ओढता येत नाही हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. ऐरोली आणि वाशी या पुलांच्या मधला, पश्चिम काठाकडील पट्टा २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेथे हौशी मासेमारीला जाऊ नये. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रालगतचा किनारा, जवाहर द्वीपाचा तेलधक्का आणि न्हावा-शेवा बंदराचे जहाजमार्ग ही सुरक्षेच्या दृष्टीने वर्ज्य क्षेत्रे आहेत. त्यांच्या जवळपासही होडी नेऊ नये. आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगतो की खाडीच्या आतल्या भागात शहरांचे सांडपाणी आणि औद्योगिक पट्ट्यातील पाणी दीर्घकाळ येत राहिले आहे, म्हणून खाण्यासाठी मासा हवा असेल तर आतल्या पट्ट्यातला घेऊ नये. बेलापूरच्या दक्षिणेला, पनवेल खाडीच्या मुखाकडे आणि पुढे उरण-करंजाच्या बाजूला समुद्राचे पाणी अधिक खेळते असते, तेथे जावे.

जागा निवडताना नकाशापेक्षा ओहोटीचा एक फेरफटका अधिक उपयोगी पडतो. ज्या दिवशी गरवायचे नाही अशा एखाद्या उधाणाच्या दिवशी, पाणी तळाला गेले असताना धक्क्यावरून किंवा होडीतून काठ पाहून घ्यावा. त्या वेळी ओहोळांची तोंडे, खाजणाच्या बांधातील उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे), बुडालेल्या जेटीचे खुंट, खडकांचे कातळ आणि चिखलाच्या पसरट उतारावरून पाणी एकदम खोल होते ती कडा, हे सारे उघडे पडते. या कडेला मी सर्वाधिक महत्त्व देतो. दीड-दोन मीटर पाणी जेथे चार मीटरवर जाते, त्या कडेला समांतर होडी चालवली तर लुअर माशाच्या वाटेवर राहते. फोनमध्ये अशा सात-आठ जागांच्या खुणा करून ठेवल्या की एका सकाळचे काम झाले.

या पाण्यात आपल्या आधीपासून कोळी बांधवांची जाळी, डोली (प्रवाहात बांधलेली पिशवीसारखी जाळी) आणि खुंट आहेत आणि तो त्यांच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. जाळ्यांच्या तरंगत्या गोळ्यांच्या रांगा किंवा झेंडे दिसले की दूरूनच वळण घ्यावे. लुअर जाळ्यात अडकली तर ती ओढून जाळे फाडण्यापेक्षा दोरी कापून लुअर सोडून द्यावी. शक्य असेल तर स्वतंत्र होडी भाड्याने घेऊन मिरवण्यापेक्षा त्याच कोळीवाड्यातील नाखव्यांबरोबर जावे, कारण चिखलाचे बांध कोठे सरकले आहेत हे दर पावसाळ्यानंतर केवळ त्यांनाच ठाऊक असते. भाडे, वेळ, इंधन आणि पकडलेल्या माशाची वाटणी यांचे बोलणे आदल्या दिवशीच करून घ्यावे.

सामान

अठरा ते बावीस फुटांची फायबरची होडी आणि मागे लहान आउटबोर्ड इंजिन एवढे वाहन पुरते. इंजिन असे असावे की ते मंद गतीवर धडधड न करता तासभर चालेल. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे. ते बसण्याच्या फळीखाली ठेवून उपयोग नाही.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम-जड प्रकारचा, पण टोकाशी लवचीक असावा, कारण लुअरची थरथर त्या टोकावरूनच वाचायची असते. रीळ ४००० आकाराची स्पिनिंग असो वा बेटकास्टर, तिचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरी सुटू देणारा ब्रेक, गुळगुळीत सुटला पाहिजे. मुख्य दोरी ३० पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, घ्यावी. ती ताणत नसल्यामुळे तळाला लागलेला प्रत्येक टोला हातापर्यंत येतो. तिच्या टोकाला ५० ते ६० पौंडांच्या जाड मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लोरोकार्बनचा सव्वा ते दीड मीटर लीडर, म्हणजे लुअरजवळचा जाड दोरीचा तुकडा, बांधणे अनिवार्य आहे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तो डोके झटकतो तेव्हा नुसती ब्रेड त्या कडेवर क्षणात कापली जाते. पहिल्याच मोसमात लीडर आखूड ठेवल्यामुळे मी असा एक मासा गमावला, आणि दोरीचे टोक कात्रीने कापावे तसे सरळ कापलेले होते.

ड्रॅग किती घट्ट ठेवावा याचा अंदाज बहुतेक जण हाताने ओढून घेतात आणि बहुतेकांचा अंदाज चुकतो. घरी प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा काटा असेल तर त्याचा उपयोग करावा. मी गॅलरीच्या कठड्याला काटा अडकवतो, दोरी रॉडच्या सर्व कड्यांतून ओवून काट्याच्या आकड्याला बांधतो, रॉड निम्मा वाकेल इतका मागे घेतो आणि काटा साडेतीन ते चार किलो दाखवत असताना दोरी सुटू लागेल असा ड्रॅग लावतो. ३० पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. त्याच्या साधारण पाव ते तृतीयांश इतका ताण दोरी, गाठ आणि गळ या तिघांनाही सोसतो. रॉड सरळ धरून ओढले तर काट्यावर वेगळाच आकडा येतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर दोरी घासते आणि ते घर्षण ताणात मिळते. म्हणून मोजमाप वाकलेल्या रॉडवरच करावे.

लुअर निवडताना रंगावर फार वेळ घालवू नये. दहा ते चौदा सेंटिमीटर लांबीची, तोंडाशी पारदर्शक जीभ असलेली, तरंगणाऱ्या प्रकारची मिनो (लहान माशाच्या आकाराची) लुअर घ्यावी. रापालासारख्या कंपन्यांच्या आवेष्टनावर ती किती खोल जाते हे छापलेले असते. एक दीड-दोन मीटर जाणारी आणि एक तीन-चार मीटर जाणारी अशी जोडी असली की आपल्या खाडीचे बहुतेक काम भागते. गढूळ पाण्यात जिताडा डोळ्यांपेक्षा अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, पाण्यातली कंपने टिपणाऱ्या पार्श्वरेषेने भक्ष्याची हालचाल ओळखतो, म्हणून पोटात छर्रे असलेली, खुळखुळणारी लुअर मला अधिक उपयोगी ठरली आहे. तरंगणाऱ्या प्रकारचा आग्रह का धरावा याचे कारण असे की ती खडकाला अडकल्यावर दोरी ढिली सोडली तर ती बहुधा स्वतःच मागे सरकून वर येते. बुडणारी लुअर तेथेच राहते. मूळचे तिहेरी गळ पातळ असतील तर ते बदलून जाड तारेचे लावावेत आणि त्यांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत. त्यामुळे मासा सोडणे सोपे जाते आणि गळ आपल्या बोटात शिरला तर तो काढणेही सोपे जाते.

याशिवाय लांब दांड्याचे रबरी जाळे, लांब चोचीची पकड, तार कापण्याची कात्री, जाड हातमोजा, पट्टी, प्यायचे पाणी, टोपी आणि बर्फाची पेटी एवढे असावे.

फेरी

भरती पूर्ण होण्याच्या अर्धा तास आधी धक्का सोडावा, म्हणजे पाणी वळण्याच्या वेळी आपण पहिल्या खुणेवर असतो. पाणी वळल्याची खूण आमच्या नाखव्यांनी मला शिकवली ती अशी. तिवराच्या खोडाशी फेसाची आणि पाल्यापाचोळ्याची एक कड जमलेली असते. भरती चालू असते तोवर ती खोडाला चिकटून राहते. पाणी थबकले की कड सैल होऊन जागच्या जागी फिरू लागते, आणि नंतर एका घटकेत खोडावर बोटभर ओली, चकचकीत पट्टी उघडी पडते. ती पट्टी दिसली की ते इंजिन मंद करतात आणि म्हणतात, “पाणी वळलं, सोडा आता.” घड्याळातली वेळ कोष्टकाशी जुळो वा न जुळो, मी त्या पट्टीवर विश्वास ठेवतो.

लुअर पाण्यात सोडण्यापूर्वी होडीच्या बाजूने दोन मीटर दोरीवर ओढून पाहावी. ती सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना सारखी थरथरत चालली पाहिजे. उजवीकडे कलत असेल तर तिच्या नाकाची कडी पकडीने किंचित डावीकडे वाकवावी, डावीकडे कलत असेल तर उलट करावे. मग होडी चालू ठेवून दोरी हळूहळू सोडावी. वीस मीटरपासून आरंभ करावा. दोरी जितकी जास्त तितकी लुअर, तिच्या मर्यादेपर्यंत, खोल जाते. योग्य खोलीची खूण म्हणजे अधूनमधून, मिनिटा-दोन मिनिटांनी, रॉडच्या टोकाला तळाचा एखादा टोला जाणवणे. सतत टोले येत असतील तर चार-पाच मीटर दोरी गुंडाळावी, आणि दहा मिनिटे एकही टोला आला नाही तर लुअर फार वर आहे असे समजून दोरी वाढवावी किंवा खोल जाणारी लुअर लावावी. एका होडीमागे दोनच रॉड ठेवावेत आणि त्यांच्या दोऱ्यांच्या लांबीत सात-आठ मीटरचे अंतर राखावे, नाहीतर वळताना गुंता झालाच म्हणून समजावे.

वेगाबाबत सर्वांत जास्त चुका होतात. जिताड्यासाठी लुअरचा पाण्यातला वेग माणसाच्या सावकाश चालण्याइतका, ताशी तीन ते चार किलोमीटर असावा. येथे ‘पाण्यातला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फोनमधील जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवतो. समजा प्रवाह ताशी दोन किलोमीटरने वाहत आहे आणि होडी प्रवाहाबरोबर निघाली आहे. तेव्हा फोनवर साडेपाच दिसत असतील तर लुअर पाण्यातून साडेतीननेच जात असते, आणि तीच होडी प्रवाहाविरुद्ध वळवल्यावर फोनवर दीड दिसले तरी लुअरचा वेग तोच असतो. आकड्याकडे पाहून इंजिन वाढवणारा मनुष्य प्रवाहाविरुद्ध जाताना लुअर इतकी पळवतो की जिताडा तिच्या मागे लागतच नाही. म्हणून फोन खिशात ठेवून रॉडच्या टोकाकडे पाहावे. लुअर योग्य वेगाने चालत असली की टोक एकसारखे, मोजता येईल अशा ठेक्याने थरथरते. ठेका फार जलद होऊन टोक नुसते वाकून राहिले तर वेग जास्त आहे. ठेका अचानक थांबला तर लुअरवर कचरा बसला आहे. आपल्या खाड्यांतील प्लास्टिकचे प्रमाण लक्षात घेता असे वारंवार होते आणि पिशवी अडकलेली लुअर तासभर ओढली तरी काही लागणार नाही. ठेका बिघडला की लगेच ओढून साफ करावी. काढलेली पिशवी पुन्हा पाण्यात न टाकता होडीतील पोत्यात जमा करावी.

मी मुख्य फेऱ्या प्रवाहाविरुद्ध करतो. होडी तेव्हा हळू पुढे सरकते, सुकाण नीट ऐकते आणि लुअर एकेका ओहोळाच्या तोंडासमोर जास्त वेळ नाचत राहते. परतताना प्रवाहाबरोबर येत काठापासून थोडे खोल पाणी चाचपावे. सरळ रेषेत जाण्यापेक्षा कडेला धरून मोठी, सैल नागमोडी वळणे घ्यावीत, कारण वळणाच्या आतल्या बाजूची लुअर मंद होऊन वर येते आणि बाहेरची वेग घेते. या बदलाच्या क्षणीच मागे लागलेला मासा तोंड घालतो असे मी पुष्कळदा पाहिले आहे. रॉड हातात धरणारा असेल तर त्याने दर अर्ध्या मिनिटाला रॉड हातभर पुढे ओढून हळूच मागे सोडावा, त्यानेही हाच परिणाम साधतो.

एखाद्या तोंडाशी मासा लागला की त्याच जागेवरून आणखी तीन-चार फेऱ्या केल्याशिवाय पुढे जाऊ नये. जिताडे अशा जागी अनेकदा दोन-चार एकत्र असतात. उलट, दोन फेऱ्यांत काहीच हालचाल नसेल तर जागा सोडावी. साडेदहाच्या पुढे जमिनीकडून वाहणारा मतलई वारा पडून समुद्राकडून खारा वारा सुरू होऊ लागतो. उतरत्या पाण्यावर समोरून वारा आला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि लहान होडीला त्या त्रासदायक होतात. त्यापूर्वी दोऱ्या गुंडाळून, धक्क्याशी पुरेसे पाणी असतानाच परत यावे.

मासा लागल्यावर

जिताड्याचा झटका ओळखावा लागत नाही. रॉड एकदम वाकतो आणि रीळ ओरडू लागते. अशा वेळी रॉड उसळून मागे खेचण्याची ओढ आवरावी. चालत्या होडीने गळ आधीच रुतवलेला असतो. दोन-तीन सेकंद होडी तशीच चालू द्यावी, मग इंजिन न्यूट्रल करावे आणि दुसरी दोरी कोणीतरी ताबडतोब गुंडाळून घ्यावी. मासा पहिल्या धावेत खुंटांकडे किंवा तिवरांच्या मुळांकडे वळतो आणि त्याला तेथे पोचू दिले तर लीडरही वाचत नाही, म्हणून रॉड आडवा करून त्याचे डोके खोल पाण्याच्या दिशेने फिरवावे. दोरी पृष्ठभागाकडे चढू लागली की तो उडी मारणार हे निश्चित समजावे. त्या क्षणी रॉडचे टोक पाण्यापर्यंत खाली न्यावे, पण दोरी ढिली पडू देऊ नये. हवेत डोके झटकून लुअर भिरकावून देण्यात हा मासा फार तरबेज आहे. बहुतेक मासे या पहिल्या दोन उड्यांतच सुटतात. दमलेला मासा कुशीवर वळला की जाळे आधीच पाण्यात धरून त्याला डोक्याकडून जाळ्यावर आणावे. जाळे माशामागे धावते तेव्हा गळ जाळ्याच्या दोरीत अडकतो आणि मासा निसटतो.

जाळ्यात जिताडाच येईल असे नाही. तांबोशी आणि गोबरा यांचे स्वागतच आहे. शिंगाळा आला तर मात्र त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांना हात लावू नये, पकडीनेच गळ काढावा. काटा टोचला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरांकडे जावे.

मासा ठेवायचा की सोडायचा हा निर्णय मापावरून घ्यावा, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. जिताडा जन्मतः नर असतो. काही वर्षे नर म्हणून जगल्यावर, साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढे वाढल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे आपल्या हाती आलेला सर्वांत मोठा मासा हा जवळजवळ नेहमी मादी असतो आणि ती पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी लाखो अंडी घालते. त्या पिलांपैकी काही खाजणांत आणि भातखाचरांत शिरतात. पेण-अलिबागकडचे शेतकरी तळ्यांत वाढवतात तो जिताडा हाच. मोठ्या माशाचे छायाचित्र काढून त्याला खुशाल सोडून द्यावे. दोन-तीन किलोंचा मासा खाण्यास अधिक चवदार असतो आणि एका घराला तेवढा पुरतो. चाळीस सेंटिमीटरच्या आतलाही परत सोडावा.

सोडताना हात ओले करावेत, मासा गरम फळीवर ठेवू नये आणि जबड्याला धरून उभा लटकवू नये. मोठ्या माशाच्या मणक्याला त्याने इजा होते. एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा पोटाखाली देऊन त्याला पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरावे. कल्ले संथपणे उघडझाप करू लागतात, शेपटीत ताकद येते आणि तो स्वतःच हातातून निघून जातो. तो जोर येण्याआधी हात काढू नये.

ठेवायचा मासा तडफडत ठेवू नये. डोक्यावर नेमका घाव घालून त्याला लगेच मारावे, कल्ल्याखालील शीर कापून रक्त पाण्यात वाहू द्यावे आणि बर्फ व खारे पाणी यांच्या मिश्रणात पूर्ण बुडवावे. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर ठेवलेल्या माशापेक्षा असा मासा फार लवकर गार होतो आणि संध्याकाळी कापताना त्याचे मांस घट्ट आणि पांढरेशुभ्र राहते.

घरी आल्यावर लुअर आधी धुवाव्यात. ड्रॅग घट्ट करून रिळीवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने मीठ आतल्या बेअरिंगमध्ये ढकलले जाते. मग पाणी झटकून ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवावा. लीडरचा पहिला हातभर भाग बोटांत धरून चाचपावा, खरखरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्याने मारावी. गळ पंख्याखाली रात्रभर वाळू द्यावेत आणि सकाळीच डब्यात भरावेत.